ग्राहकाने सावध राहावे. मग शासनाने काय करावे?

पौष संपला की कोलकात्यात घरखरेदीच्या बोलण्यांना वेग येतो. बंगाली पंचांग मानणारी कुटुंबे भाद्रपद आणि पौष हे महिने गृहप्रवेशाला वर्ज्य समजतात. संक्रांत उलटली की थांबलेले व्यवहार पुन्हा सुरू होतात. अशाच एका रविवारी भाची आणि तिचे यजमान मला जादवपूरच्या पलीकडे एक सदनिका दाखवायला घेऊन गेले. दोघेही नोकरदार, दहा वर्षे भाड्याच्या घरात काढलेली, बँकेचे कर्ज तत्त्वतः मंजूर झालेले. त्यांच्या जाडजूड फाइलमध्ये पगाराचे दाखले होते, बँकेचे पत्र होते, रंगीत माहितीपुस्तिका होती. फक्त जे घर घ्यायचे त्याविषयीचा एकही कागद नव्हता. मी महापालिकेने मंजूर केलेला नकाशा मागितला, तेव्हा प्रमोटर किंचित दुखावल्यासारखा हसला. ‘‘दादा, या साऱ्या पाड्यात मला कोण ओळखत नाही?’’ एवढेच तो म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

त्या उत्तरात लबाडी होती असे मी म्हणणार नाही. कोलकात्यात मोहल्ल्याला ‘पाडा’ म्हणतात आणि पाड्यातील ओळख हीच इथे अनेक पिढ्या व्यवहाराची हमी राहिली आहे. परंतु ज्या व्यवहारात एका कुटुंबाची वीस वर्षांची कमाई गुंतते, त्याची हमी ओळखीवर सोडावी लागत असेल, तर तो दोष त्या प्रमोटरचा जितका आहे त्याहून अधिक राज्यव्यवस्थेचा आहे. आपल्याकडे घर घेणाऱ्याला सल्ले देणाऱ्यांची वाण नाही. हे तपासा, ते पाहा, वकील लावा, असे सगळेच सांगतात. सल्ला योग्यच असतो. प्रश्न असा की, सामान्य नागरिकाने एवढे सारे स्वतः तपासायचे असेल, तर त्याच्याकडून मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क घेणारे शासन त्याला नेमके काय देते?

आधी पैशांचा हिशेब पाहू, कारण बहुतेक कुटुंबांची तयारी तिथून सुरू होते आणि दुर्दैवाने तिथेच संपते. ५० लाखांची सदनिका घेणाऱ्याला वाटते की, २० टक्के म्हणजे १० लाख जवळ असले की झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढीच रक्कम बँक देऊ शकते. आणि या मूल्यात मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सहसा धरला जात नाही. पश्चिम बंगालमध्ये शहरी भागात मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, एका मर्यादेपुढील किमतीला ७ टक्के, आणि नोंदणी शुल्क १ टक्का. म्हणजे आणखी साडेतीन लाख. इमारत बांधकामाधीन असेल आणि घर ‘परवडणाऱ्या घरां’च्या ४५ लाखांच्या मर्यादेपलीकडचे असेल, तर ५ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे अडीच लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतील विक्रीवर हा कर लागत नाही, ही गोष्ट विकणारा क्वचितच आपणहून सांगतो. अशा रीतीने १० लाखांचे १६ लाख होतात. वकिलाची फी, रंगरंगोटी आणि पंखे-दिवे अजून दूरच. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच.

कर्जाच्या हप्त्याचेही तसेच. ४० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले तर महिन्याला सुमारे ३१ हजारांचा हप्ता पडतो. साडेनऊ टक्के झाले की तोच ३७ हजारांवर जातो. हा फरक काल्पनिक नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पुष्कळ बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली आणि कर्जदारांना आपले कर्ज निवृत्तीच्या वयापलीकडे गेल्याचे उशिरा कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये, हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्या, असे रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावे लागले. तेव्हा आज परवडणारा हप्ता नव्हे, तर व्याज दोन-अडीच टक्क्यांनी वाढल्यावरही पेलेल असा हप्ता हीच आपली मर्यादा मानावी, असे मी भाचीला सांगितले.

पैशांचे गणित मात्र कागदावर मांडता येते. घराच्या मालकीचे गणित मांडणे कोलकात्यात फार अवघड आहे, आणि त्याची कारणे या शहराच्या इतिहासात आहेत.

उत्तर कोलकात्यातील एखादा जुना वाडा घ्या. बंगालमध्ये परंपरेने दायभाग पद्धती चालत आली. मिताक्षरा पद्धतीप्रमाणे तिथे मुलाला जन्मतः हक्क मिळत नसे. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसांना ठरावीक हिस्से मिळत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली यांना एकाच वर्गात आणले. मृत्युपत्र न करता तीन पिढ्या गेल्या की एका घराचे वीस-पंचवीस हिस्सेदार होतात. कोणी बेहालात, कोणी बंगळूरला, कोणी परदेशात. त्यातील एकाचीही सही राहिली तर पुढे खरेदीदाराच्या दारात दावा उभा राहतो. काही वास्तू देवोत्तर असतात, म्हणजे कुलदैवताला अर्पण केलेल्या. त्या सेवायताला मनाप्रमाणे विकता येत नाहीत. काही जमिनी ‘ठिका’ असतात. तिथे पूर्वी जमीन एकाची आणि तिच्यावरील बांधकाम भाडेकरूचे अशी रीत होती. १९८१ च्या आणि पुढे २००१ च्या कायद्यांनी अशा जमिनी शासनाकडे आल्या. बिधाननगरात, म्हणजे सॉल्ट लेकमध्ये, भूखंड शासनाने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत; तिथे घर घेणारा जमिनीचा मालक होत नाही, तो पट्टेदार होतो आणि हस्तांतराला शासनाची अनुमती लागते. दक्षिणेकडील बिजयगड, बाघाजतीन यांसारख्या वसाहती फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी वसवल्या. जमिनीचे पट्टे त्यांच्या हाती नंतर आले. पूर्वेकडे तर पाणथळ जागाच आहेत. पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्राला २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, १२,५०० हेक्टरच्या या परिसरासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरी तिथल्या बेकायदा बांधकामांची प्रकरणे उच्च न्यायालयापुढे येतच राहिली आहेत. पाच कठ्ठे किंवा त्याहून मोठे तळे बुजवण्यास राज्याच्या मत्स्यव्यवसाय कायद्याने बंदी आहे; पण कोलकात्यात तळी नाहीशी होत गेली आणि त्यांच्या जागी इमारती आल्या, हे इथला कोणताही वयस्क माणूस सांगेल.

या साऱ्यावर उभी असते ती इथली नेहमीची पद्धत. जुन्या घराचा मालक प्रमोटरशी विकसन करारनामा करतो, त्याला कुलमुखत्यारपत्र देतो आणि जमिनीच्या मोबदल्यात काही सदनिका ठेवून घेतो. उरलेल्या सदनिका प्रमोटर विकतो. खरेदीदार ज्याला पैसे देतो तो जमिनीचा मालक नसतो, आणि जो मालक असतो त्याच्याशी त्याची भेटही झालेली नसते. म्हणून मंजूर नकाशा, विकसन करारनामा, नोंदलेले कुलमुखत्यारपत्र, सर्व हिस्सेदारांच्या सह्या, भूमी-अभिलेखाचा पर्चा, महापालिकेतील फेरफार आणि निबंधक कार्यालयातील शोध अहवाल या गोष्टी पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये. महाराष्ट्रात ज्याने सातबारा आणि सोसायटीचे अभिहस्तांतरण यांच्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला ही यादी अपरिचित वाटणार नाही. कोलकात्यात जमिनीचा अविभाज्य हिस्सा सहसा प्रत्येक सदनिकाधारकाच्या खरेदीखतातच नमूद होतो. तो तिथे स्पष्ट लिहिलेला आहे ना, एवढे मात्र आवर्जून पाहावे.

आता शासनाकडे वळू. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) कायदा केला. ‘रेरा’ या नावाने तो घरोघरी पोहोचला. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे, नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे, चटईक्षेत्रावर विक्री, पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषांची जबाबदारी, विलंब झाल्यास व्याजासह परतावा, या त्याच्या मुख्य तरतुदी. महाराष्ट्राने लगोलग प्राधिकरण उभे केले. पश्चिम बंगालने मात्र केंद्राचा कायदा राबवण्याऐवजी त्याच वर्षी स्वतःचा ‘हिरा’ हा कायदा केला आणि जून २०१८ पासून तो अंमलात आणला. त्याची बरीचशी कलमे केंद्रीय कायद्यावरून शब्दशः घेतलेली होती. जिथे फरक होता तिथे तो बहुधा खरेदीदाराच्या विरुद्ध जाई. वाहनतळाचेच पाहा. २०१० मध्ये मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, इमारतीखालील खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती विकासकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता. असे प्रश्न निकालात निघाल्यानंतरही वाहनतळाच्या व्याख्येत राज्याने स्वतःसाठी मोकळीक ठेवली.

‘फोरम फॉर पीपल्स कलेक्टिव्ह एफर्ट्स’ या ग्राहकांच्या संघटनेने या कायद्याला आव्हान दिले आणि ४ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. समवर्ती सूचीतील विषयावर संसदेचा परिपूर्ण कायदा असताना, राष्ट्रपतींची संमती न घेता राज्याने समांतर कायदा करणे अनुच्छेद २५४ ला धरून नाही, असा त्याचा आशय. हिरापूर्वीचा राज्याचा १९९३ चा कायदाही पुनरुज्जीवित होणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि मधल्या काळातील नोंदण्या मात्र अबाधित ठेवल्या. त्यानंतर राज्याने केंद्रीय कायद्याखाली नियम केले आणि प्राधिकरण नेमले.

मी संघराज्यवादाचा पुरस्कर्ता आहे. केंद्राने राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण करू नये, हे मी या स्तंभातून वेळोवेळी लिहिले आहे. म्हणूनच हे प्रकरण मला अधिक बोचते. राज्याची स्वायत्तता नागरिकाला अधिक संरक्षण देण्यासाठी वापरली जावी. महाराष्ट्राने १९६३ मध्ये, देशात इतरत्र विचारही नसताना, मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला तो तशा वापराचा नमुना होता. बंगालने तोच अधिकार वापरून आपल्या नागरिकांना जवळजवळ तीन वर्षे देशभर लागू असलेल्या संरक्षणापासून दूर ठेवले. त्या काळात ज्यांनी घरे घेतली, त्यांनी कोणता गुन्हा केला होता?

तरीही सारा दोष राज्यावर टाकून केंद्रीय कायद्याची मर्यादा झाकता येणार नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, असे हा कायदा सांगतो. ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. पण कोलकात्याचा कठ्ठा ७२० चौरस फुटांचा. दोन-अडीच कठ्ठ्यांचा भूखंड म्हणजे सुमारे १३५ ते १६७ चौरस मीटर. त्यावर चार मजले आणि चार-पाच सदनिका. वसाहतींच्या गल्ल्यागल्ल्यांत हेच चित्र आहे. मर्यादा कितीही खाली आणली, तरी तिच्याखाली बसणारी इमारत उभी राहते. मोठ्या संकुलात घर घेणाऱ्या सधन ग्राहकाला नियामक मिळतो. आणि ज्याची ऐपत कमी, ज्याला वकील परवडत नाही, तो लहान इमारतीत जातो व तिथे कायदा त्याचा हात सोडतो. संरक्षणाची गरज जिथे सर्वाधिक, तिथेच ते सर्वांत कमी, असा हा व्यस्त न्याय आहे.

याची किंमत पैशांतच मोजली जाते असे नाही. १७ मार्च २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या गार्डन रीच भागात बांधकामाधीन पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. इमारत बेकायदा होती, हे महापौर फिरहाद हकीम यांनीच सांगितले. १४ जानेवारी २०२५ रोजी बाघाजतीनच्या विद्यासागर कॉलनीत चार मजली इमारत जॅक लावून उचलण्याचे काम चालू असताना कलंडली. रहिवासी आधीच बाहेर पडलेले असल्याने जीव वाचले, घरे गेली. त्या घरांसाठीही कोणीतरी दागिने मोडले असतील, भविष्यनिर्वाह निधी काढला असेल.

हे बंगालचेच दुखणे आहे, असा समज महाराष्ट्रातील वाचकाने करून घेऊ नये. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय रहिवाशांच्या विरोधात गेला, तोवर ते तिथे दोन-तीन दशके राहत होते. मुंब्र्यात ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. आणि कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या खरेदीदारांनी तर सल्ल्याप्रमाणे नोंदणी क्रमांक पाहिला होता. शासनाच्याच संकेतस्थळावरील क्रमांकावर विश्वास ठेवणारा नागरिक बेसावध कसा ठरतो, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली आपल्याकडे दस्ताची नोंद होते, मालकीची नाही. निबंधक शुल्क घेतो, अंगठे घेतो, शिक्का मारतो. पण विकणारा खरा मालक आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. महापालिका नकाशा मंजूर करते, परंतु तो नकाशा निबंधकापुढे येत नाही. नोंदणी कायद्याचा नवा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये मांडला. त्यात दस्त संगणकावर नेण्याची तरतूद आहे, परंतु कागद पडद्यावर दिसू लागल्याने त्याच्यातील मजकूर खरा होत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, प्रत्येक इमारतीला, ती कितीही लहान असो, एक सार्वजनिक नोंद असावी. जमिनीचा प्रकार, मंजूर नकाशा, मजल्यांची संख्या, पूर्णत्वाचा दाखला, पाडकामाचा आदेश असल्यास तो, हे सारे एका ठिकाणी आणि स्थानिक भाषेत. लहान प्रकल्पांना संपूर्ण रेरा लागू करणे प्रमोटरला जड जाईल, हा आक्षेप मी मान्य करतो. पण खरी माहिती जाहीर करणे कोणालाही जड जाऊ नये. दुसरी, मंजूर नकाशाशी न जुळणाऱ्या सदनिकेचे खरेदीखत नोंदलेच जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पडताळल्याशिवाय बँकांनी इमारतीवर कर्ज देऊ नये, असे निर्देश दिले आहेत. जी सावधगिरी बँकेला सांगितली जाते, ती शासनाच्या निबंधकाला का सांगितली जाऊ नये? तिसरी, बेकायदा इमारत पडली की फक्त प्रमोटरला अटक होते. तिचे मजले चढत असताना ज्या अभियंत्याच्या हद्दीत ती होती, त्याचीही चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांपुढे यावा.

भाचीने ती सदनिका घेतली नाही. मागितलेले कागद तिला दोन आठवड्यांत मिळाले नाहीत आणि तिने बयाणा दिला नाही. दर वर्षी वाढणारे भाडे भरत ती अजून घर शोधते आहे. तिला थांबवून मी योग्य केले की नाही, असे मी स्वतःला कधीकधी विचारतो. कारण ती सदनिका दुसऱ्या कुणीतरी घेतली असेलच. त्या कुणाला कागद विचारणारा मामा नसेल. नागरिकाचे घर त्याच्या नात्यागोत्यातील जाणकारांवर अवलंबून राहू नये, एवढ्याचसाठी तर आपण कायदे करतो.